अडतिसाव्या गीताचं कुलूप

त्सोलो,
२५ जानेवारी २००६

प्रिय मझुकिसी,

बसने पाठवलेलं सामान शनिवारी मिळालं. ते असं: मोठा खोका एक, पडद्याचा खोका एक, कळफलक एक, तुझ्या जुन्या स्वेटरात गुंडाळलेला माउस एक (स्वेटर कोपरावर उसवलाय, शिवून ठेवते), तारा पाच, आणि तुझ्या सूचना चार पानं, दोन्ही बाजूंनी. कंडक्टरने ऐंशी रँड घेतले, फाट्यापासून घरापर्यंत ढकलगाडीवाल्याने पंधरा. पंधरा जास्तच झाले, पण चढ आहे आणि त्याने एकही खोका आपटला नाही, म्हणून घासाघीस केली नाही. देव तुझं भलं करो. भावाने एवढं पाठवलं हे मी गुरुवारच्या प्रार्थनेत सगळ्या बायकांसमोर सांगणार आहे.

कॉम्प्युटर पुढच्या खोलीत खिडकीपाशी मांडलाय. बाहेरच्या पीचच्या झाडाचा गारवा दुपारभर खिडकीवर असतो, त्यामुळे यंत्र तापत नाही.

आता तक्रार. सासऱ्यांची गीतं मी टंकायला घेतली आहेत हे तुला माहीत आहे. सत्त्याण्णव गीतं, तीन वह्या. वाळवीने त्या अशा खाल्ल्यात की पान उलटलं की मांडीवर पिठासारखी भुकटी पडते. पेंटेकॉस्टच्या रविवारी आपल्या चर्चला शंभर वर्षं होतात. त्या दिवशी ही गीतं पुस्तक होऊन सगळ्यांच्या हातात असायची असं ठरलंय, आणि म्थाथाच्या छापखान्याला एप्रिलअखेर सगळं द्यायचंय. एकदा टंकलेलं पान दुसऱ्यांदा वाचता येईल अशी वह्यांची अवस्था नाही. म्हणजे गीतं यापुढे या यंत्रात, नाहीतर कुठेच नाहीत.

आणि अशा यंत्राला तू कुलूप काय लावलंस! पासवर्डची चिठ्ठी उघडली आणि आत साप दिसावा तशी मिटली. मझुकिसी, ते माझ्या सासऱ्यांचं नाव आहे. एकतीस वर्षांपूर्वी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून ते माझ्या तोंडून निघालेलं नाही, आणि ते नाव ज्या शब्दात बसलंय तो रोजचा शब्दसुद्धा नाही. त्याच्याऐवजी सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात दुसरा शब्द हातात दिला, तोच आजवर वापरते. आपल्या आईनेही आजोबांच्या नावाचं असंच पाळलं. शहरात गेलास म्हणून विसरलास? रोज सकाळी त्या माणसाच्या नावावर मी बोटं आपटायची?

मग काय करणार, नणंदेला बोलावलं. नोमालिझो या घरची लेक, तिला बापाचं नाव घ्यायला बंदी नाही. ओढ्यापलीकडून रोज येते, एका बोटाने एकेक अक्षर दाबते, आणि दाबताना ते मोठ्याने म्हणते. मी म्हटलं, "अहो, हळू." तर म्हणते, "अगं माकोती, माझ्याच बापाचं नाव, कुजबुजू कशाला?" त्रेपन्न वर्षांची झाले तरी तिच्या लेखी मी माकोती, कालची नवरी. मग चहा, त्यात चार चमचे साखर. चहा पिऊन ती निघते, मी मका-घेवड्याची हंडी ढवळून येते, तर पाच मिनिटं झालेली आणि पडदा काळा! पुन्हा पासवर्ड. पुन्हा तिला हाक. चार दिवसांत सव्वा गीत झालंय, आणि तुझा गुप्त शब्द आता कोंबड्यांनाही पाठ असेल.

काहीतरी साधा शब्द दे, बाबा.

तुझी बहीण,
नोबांतु

---

पोर्ट एलिझाबेथ,
३ फेब्रुवारी २००६

प्रिय सिसी,

तुझं पत्र डबा खाताना वाचलं आणि हसताना पाव घशात अडकला. पण मी ते नाव गंमत म्हणून लावलं नव्हतं. मला वाटलं, म्थुंझी हा एकच शब्द असा आहे की तो माझी बहीण कधी विसरणार नाही आणि मेली तरी कुणाला सांगणार नाही. याहून चांगला पासवर्ड जगात सापडेल का? बंदी जिभेला असते असं मी धरून चाललो. बोटांना पण असते हे माहीत नव्हतं. चूक झाली. म्हाताऱ्यांची माफी माग माझ्या वतीने.

पण कुलूप काढणार नाही. कारखान्याचे कॉम्प्युटर मी सांभाळतो, माणसं काय काय करतात ते रोज बघतो. एकाने पासवर्ड कागदावर लिहून पडद्यालाच चिकटवला होता. म्हणून तुझ्या यंत्रात मी सगळं पक्कं केलंय. आतलं सगळं कुलूपबंद आहे. शब्दाशिवाय मलाही ते उघडता येणार नाही, हे नीट लक्षात ठेव. आणि कुणी दहा वेळा चुकीचा शब्द घातला तर ते कायमचं मिटेल.

शब्द बदलायची रीत वेगळ्या कागदावर लिहिली आहे. आठाच्या वर अक्षरं हवीत, एखादा आकडा हवा. तुला पाठ असलेल्या गीताचा पहिला चरण घे, मधे जागा न सोडता, आणि मागे गीताचा क्रमांक जोड. कुठलं गीत ते मलाही सांगू नकोस. कागदावर नको, फोनवर तर मुळीच नको. टेकडीवर चढून, रेंज शोधत, दहा जणांसमोर तू पासवर्ड ओरडशील, मी ओळखतो तुला.

सोबत पाठवलेल्या छोट्या यूएसबी काडीवर दर आठवड्याला गीतांची प्रत काढायची. काडीलाही पासवर्ड आहे, तो दुसरा ठेव.

तुझा,
मझुकिसी

---

त्सोलो,
१६ फेब्रुवारी २००६

प्रिय मझुकिसी,

शब्द बदलला. कुठला ते सांगत नाही, तूच म्हणालास. पहाटेच्या प्रार्थनेनंतर गुणगुणत बसते आणि दार उघडतं. नोमालिझोला जरा राग आला. "म्हणजे आता माझी गरज नाही," म्हणाली. मी चहा चालू ठेवलाय.

गीतं चव्वेचाळीस झाली. हे गेल्याला सहा वर्षं झाली, पण सासऱ्यांचं अक्षर वाचताना वाटतं की दोघं बापलेक ओसरीवरच बसलेत. दुपारी उन्हं वाढली की वही घेऊन झाडाच्या गारव्यात जाते, पान वाचते, आत येऊन टंकते.

आता मोठ्या बहिणीचं जरा ऐक. घरात मी एकटी. टेलिफोनची तार नाही. या यंत्राशी बोलणारं जगात दुसरं यंत्र नाही. मग तू कुणाला भितोस? माझ्या घरात पिठाच्या डब्याला झाकण आहे, कुलूप नाही. रॉकेल कुलपात आहे, कारण शेजारी लहान मुलं. प्रार्थनेचा लाल ब्लाउज ट्रंकेत, कारण कसर. ज्याला ज्याची भीती, त्याला तेवढीच कडी. तू पिठाच्या डब्याला बँकेचं कुलूप लावलंस आणि किल्ली रोज पाच-पाच मिनिटांनी मागतोस. तुझ्या कागदावर बघून मी पाचाची तीस मिनिटं केली. रागावू नकोस.

प्रतींचं बघते.

नोबांतु

---

पोर्ट एलिझाबेथ,
२ मार्च २००६

प्रिय सिसी,

तीस मिनिटं चालतील, काय करू. पण "बघते" म्हणजे काय? लहानपणी आई विचारायची, कोंबड्या कोंडल्यास का, तेव्हाही तू "बघते" म्हणायचीस, आणि सकाळी पिसं दिसायची. प्रत काढलीस का, एवढं एक कळव.

मझुकिसी

---

त्सोलो,
२८ मार्च २००६

मझुकिसी यांस,

मी नोमालिझो लिहिते आहे, तुमच्या बहिणीची नणंद. घाबरू नका. नोबांतुच्या पोटात फार दुखायला लागलं म्हणून तिला म्थाथाच्या दवाखान्यात नेलं. पित्ताशयात खडे होते. ऑपरेशन झालं, बरं झालं, पण जखम चिघळली आहे आणि महिनाभर सोडणार नाहीत. काल भेटून आले. चेहरा कागदासारखा झालाय, पण मला विचारते, कोंबड्यांना दाणे घातलेत का. म्हणजे जगेल.

तिचा सगळा जीव त्या गीतांत आहे. दुखायला लागलं त्याच दिवशी सत्त्याण्णवावं गीत संपवलं होतं. छापखान्याला २९ एप्रिलला द्यायचंय आणि ती खाटेवर. माझ्या कानाशी तोंड आणून तिने पासवर्ड सांगितला: बाबांचं अडतिसावं गीत, पहिला चरण, मागे आकडा. चरण काही तिने म्हणून दाखवला नाही. पण तो इथे कुणाला येत नाही? मी मात्र यंत्राला हात लावलेला नाही. तुम्ही दहा चुकांचं काय ते करून ठेवलंय असं ऐकलं. ईस्टरला या.

वह्यांचं विचारू नका. दुसरी वही हातात घेतली तर नुसता पुठ्ठा राहिला.

नोमालिझो

---

त्सोलो,
ईस्टर रविवार, १६ एप्रिल २००६

प्रिय सिसी,

हे पत्र उद्या सकाळच्या टॅक्सीवाल्याबरोबर देतोय. दुपारी स्वतः येतोच आहे, पण त्याआधी हे तुझ्यापर्यंत पोचायला हवं.

दार उघडत नाही.

अडतिसावं गीत. "तुझ्या सावलीत घे." चर्चमध्ये आज सकाळीच सगळ्यांनी म्हटलं, मी मुद्दाम कान देऊन ऐकलं. घरी आलो, नोमालिझोने शब्द सांगितले, मी टंकले, मागे ३८. नाही घेतलं. पहिलं अक्षर मोठं करून बघितलं. नाही. सगळी मोठी केली. आकडा आधी घातला. शब्दांमधे जागा सोडली. नोमालिझो म्हणाली, "तुमची शहरातली बोटं, मला द्या," म्हणून तिने तेच एकदा घातलं. शेवटी एकदा आकडा न घालता. सात झाली. तीन उरली. त्यानंतर हात मांडीखाली घेऊन बसलोय.

सिसी, हे दहाचं कुलूप मी लावलंय. कुणी मागितलं नव्हतं. काडी मला ड्रॉवरमध्ये सापडली, प्लास्टिकच्या पिशवीतून काढलेलीसुद्धा नाही. तुला बोलत नाही. मीच काडीलाही दुसरा पासवर्ड लावला होता.

तू नेमकं काय टंकायचीस? एकेक अक्षर आठव.

मझुकिसी

---

म्थाथा, स्त्रियांचा वॉर्ड,
२० एप्रिल २००६

प्रिय मझुकिसी,

सोमवारी तू येऊन गेलास तेव्हा मी शपथेवर सांगितलं, जसं गीत आहे तसंच टंकलं. तू गेल्यावर तोंड भिंतीकडे केलं. प्रत न काढल्याची गोष्ट खरीच आहे. काडी घातली की ती आपला वेगळा शब्द मागायची, मी म्हणायचे, उद्या. तू कुलूप इतकं जड केलंस की मी दार लावायचंच सोडून दिलं. दोष निम्मा-निम्मा. देवाला म्हटलं, माणसाने आयुष्यभर गीतं रचली आणि सुनेने ती पेटीत घालून किल्ली हरवली. हे वर जाऊन कुठल्या तोंडाने सांगू?

आता ऐक. काल संध्याकाळची प्रार्थना झाली. पलीकडच्या खाटेवर कुम्बूची एक जाडजूड बाई आहे, पाय मोडलाय. सासरे तिकडे प्रवचनाला जायचे, त्यांची गीतं तिला येतात. तिने अडतिसावं सुरू केलं, मीही धरलं. दोघींचा सूर छान लागला, आणि दुसऱ्याच पावलाला शब्द फुटला. तिने एक म्हटलं, मी एक. ती थांबली.

"काय गं म्हणालीस?"

"जे गीतात आहे ते."

"गीतात ते नाही. पुन्हा म्हण बघू."

मी पुन्हा म्हटलं. ती पाय मोडलाय हे विसरून हसायला लागली. "अगं बाई, त्यांची सून तू! एवढा वेळ सांगितलं का नाहीस? मी आपली समजत होते की बाईला गीत येत नाही!"

मझुकिसी, एकतीस वर्षं मी ते गीत दुसऱ्याच शब्दाने गाते आहे आणि मला त्याचा पत्ताच नाही. भर चर्चमध्ये, चारशे माणसांत, माझा एक शब्द वेगळा जायचा आणि आवाजात बुडून जायचा. तोंडाला सवय, म्हणून बोटांनाही तीच. मी खोटी शपथ घेतली नव्हती रे, मला तसंच वाटत होतं.

तेव्हा असं टंक: तुझ्यागारव्यातघे३८. सगळी अक्षरं लहान, जागा नाही. हे कागदावर लिहून मी तुझा नियम मोडते आहे. नर्सचा भाऊ आज त्सोलोला जातोय, त्याच्या हाती देते. पाकिटाला गोंद दोनदा लावलाय.

टंकताना आधी प्रार्थना कर. नोमालिझोला हात लावू देऊ नकोस.

नोबांतु

---

त्सोलो,
२२ एप्रिल २००६

प्रिय सिसी,

उघडलं! आठव्यालाच. सत्त्याण्णवच्या सत्त्याण्णव आहेत, एकही अक्षर हललेलं नाही. नोमालिझो खुर्चीवरून उठून नाचली, मग बसून रडली, मग म्हणाली चहा करा. साखर संपली होती, तशीच प्यायली.

सगळ्यात आधी ते दहाचं कुलूप काढून टाकलं. मग प्रती केल्या, तीन, एकीलाही पासवर्ड नाही. एक पाळकांच्या कपाटात, एक नोमालिझोच्या ट्रंकेत, एक माझ्या खिशात. तू म्हणालीस ते बरोबर होतं, मी चुकीच्या माणसाला भीत होतो. चोराने गीतं नेली तर तो करून करून काय करेल, गाईल. खरी भीती वाळवीची होती, विजेची होती, आणि तुझ्या पोटातल्या खड्यांची. सुरुवातीचा एक शब्द तेवढा ठेवलाय, कुणी यंत्र उचलून नेलं तर तुझी पत्रं त्याने वाचू नयेत म्हणून. यंत्र झोपून उठलं की काही विचारणार नाही. आता हंडी ढवळ निवांत.

एक गोष्ट आणखी. गीतं वाचून बघितली. म्थुंझी म्हणजेच सावली, हे मला आधीच सुचायला हवं होतं. म्हाताऱ्यांनी जिथे जिथे "सावली" लिहिलं होतं तिथे तू सगळीकडे "गारवा" टंकलास. एकेचाळीस ठिकाणी. वही समोर ठेवून! नोमालिझोला त्यातल्या निम्म्या ओळी तोंडपाठ आहेत, बाकीच्या पाळकांना. काल दिवसभर त्या दोघांनी सांगितलं आणि मी एकेक जागा नीट केली. चाळीस झाल्या. एकेचाळिसावी अडतिसाव्या गीतातली आहे. तिथे नोमालिझोने माझा हात धरला. पुढचं तीच लिहिते.

माकोती, तुझं टंकलेलं बघून मी आधी चिडले. म्हटलं, माझ्या बापाचा शब्द पुसला. मग लक्षात आलं, बाबांना तू आयुष्यात एकदाही नावाने ओळखलं नाहीस, आणि त्यांच्या ओळीन् ओळीतून त्यांना हातही न लावता चालत गेलीस. बाबांना हे दिसलं असतं तर पोट धरून हसले असते. गीतात मी त्यांचाच शब्द ठेवला आहे. पण पानाखाली बारीक अक्षरात एक ओळ घातली आहे: "या घरच्या सुना इथे 'गारव्यात' म्हणतात." छापखान्याला शनिवारी जातंय. नको असेल तर त्याच्या आत कळव. कळवू नकोस.

आणि साखर घेऊन ये.

मझुकिसी, नोमालिझो

---

त्सोलो,
६ मे २००६

प्रिय मझुकिसी,

मंगळवारी घरी आले. जखम भरली आहे, जड उचलायचं नाही, बाकी सगळं चालेल असं डॉक्टर म्हणाले. साखर आणली, दोन किलो. कोंबड्या अकरा होत्या त्या अकराच आहेत, नोमालिझोची कृपा.

तुम्हा दोघांचं पत्र मी वॉर्डात तीन वेळा वाचलं. चौथ्यांदा त्या कुम्बूच्या बाईने मोठ्याने वाचलं आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकवलं. त्या ओळीबद्दल मी काही कळवलं नाही, म्हणजे कळलंच असेल. काल छापखान्याने नमुन्याचं पान पाठवलं. अक्षर बारीक आहे, चष्म्याशिवाय दिसत नाही, पण आहे. पान बायबलमध्ये ठेवलंय.

आज पहाटे प्रार्थना करून यंत्रापुढे बसले, गुणगुणले, उघडलं. मग चहा प्यायले, अंगण झाडलं, हंडी चढवली आणि परत आले, तर पडदा तसाच, उजेडात. काही विचारलं नाही. बरं वाटलं, रे. कितीतरी दिवसांनी खांदे खाली आले.

जाताना तू सांगितलंस की शब्द आता तिघांना माहीत झालाय, तेव्हा बदल. मी बदललेला नाही आणि बदलणारही नाही. तू सहाशे किलोमीटरवर आहेस. राहिली नोमालिझो. परवा चहाला आली तेव्हा म्हणाली, "बघ, मला पण येतं आता तुझं कुलूप," आणि बसली टंकायला, एका बोटाने, अक्षरं मोठ्याने म्हणत. शेवटचा आकडा दाबला. नाही घेतलं. पुन्हा दाबलं, नाही घेतलं. दोन्ही वेळा तिने बापाचाच शब्द टंकला होता. मी मागे उभी राहून हसू दाबलं, टाके दुखले.

पेंटेकॉस्टला तू येणारच आहेस. बायकांच्या बाकांमागे बस, अडतिसाव्याला कान दे. चारशे माणसांत तुला एक शब्द वेगळा ऐकू आला तर पुस्तकाचं पान बघ, खाली.

तुझा स्वेटर शिवून झालाय. कुठल्या बसने येतोस आणि फाट्यावर किती वाजता उतरतोस, ते उलट टपाली कळव.

तुझी बहीण,
नोबांतु